पहिल्या बाळंतपणाची धास्ती आणि दुसऱ्या वेळचं ठरवलेलं सिझर

“बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, मग झालं तर!” अवघड बाळंतपणातून उठलेल्या बाईला हे वाक्य इतक्यांदा ऐकवलं जातं, की काही दिवसांनी तिलाही वाटू लागतं, खुळी आपणच आहोत. टाके कधीच सुकलेले असतात, बाळ रांगायला लागलेलं असतं, पण लेबर रूमची नुसती आठवण आली तरी तळहाताला घाम फुटतो. वर्ष-दोन वर्षं जातात आणि “आता दुसऱ्याचं बघा” सुरू होतं. दिवस राहतात, आणि पहिली सोनोग्राफी व्हायच्या आधीच तिने मनाशी पक्कं केलेलं असतं: या वेळी कळा नकोत, सरळ सिझर करा. मग नवरा, सासू, कधी कधी खुद्द डॉक्टरही म्हणतात, “पहिलं नॉर्मल झालंय ना? मग आता कशाला पोट फाडून घेतेस?”

हा लेख तिच्यासाठी आहे, आणि तिच्या घरच्यांनी वाचला तर फारच बरं. असं सिझर ठरलं तर त्यात नेमकं काय काय घडतं, काय मागता येतं, काय मिळत नाही, हे इथे सांगायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. सिझरने मनातली जुनी भीती आपोआप जात नाही. फरक पडतो तो पुढे काय होणार हे आधी माहीत असल्याने, आणि प्रत्येक गोष्ट कुणीतरी विचारून, सांगून करत असल्याने. हे दोन्ही नसेल तर ठरवून केलेलं सिझरही पहिल्या खेपेइतकंच वाईट जाऊ शकतं.

आधी ‘अवघड’ म्हणजे काय ते बघू. फाइलवर जे ‘नॉर्मल डिलिव्हरी’ म्हणून नोंदलेलं असतं, ते बाईच्या लेखी भयंकर असू शकतं. रात्रभर कळा, मग अचानक बाळाचे ठोके उतरले म्हणून खोलीत धावपळ, चिमटा (फोर्सेप्स) किंवा व्हॅक्यूम लावून बाळ बाहेर, टाके पार गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत. कुणाची वार अडकते, कुणाला रक्तस्राव होऊन बाटल्या चढवाव्या लागतात. कुणाचं घाईघाईत सिझर होतं, पूर्ण भूल दिली जाते आणि शुद्धीवर येईपर्यंत बाळ काचेच्या पेटीत गेलेलं असतं. आपलं मूल जन्मलं ती वेळच तिच्या आठवणीत नसते. आणि कधी शरीराला काहीच झालेलं नसतं, पण न सांगता तपासलं, ओरडलं, पोटावर कोपराने दाबलं, “तेव्हा बरं कळलं नाही!” असलं काहीतरी ऐकवलं. पोटावर दाब देऊन बाळ ढकलणं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या शिफारशींत स्पष्टपणे नाकारलं आहे, आणि बाळंत होणाऱ्या बाईला अपमानास्पद वागवण्याविरुद्ध तिने २०१४ मध्येच वेगळं निवेदन काढलं होतं. म्हणजे ही काही एखाद्या हळव्या बाईची तक्रार नव्हे.

सगळ्या प्रकारची बाळंतपणं धरली तर शंभर बाळंतिणींमागे साधारण तीन-चार जणींना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणावविकार होतो. ज्यांच्या गरोदरपणात किंवा बाळंतपणात मोठी गुंतागुंत झालेली असते त्यांच्यात हे प्रमाण पंधरा ते वीसपर्यंत जातं. लक्षणं ओळखता येतात. तो प्रसंग पुन्हा आत्ताच घडतोय असं वाटणं, त्याची स्वप्नं पडणं, हॉस्पिटलचा रस्ता टाळणं, जराशा आवाजाने दचकणं, बाळाजवळ असूनही आतून कोरडं वाटणं. महिन्याहून जास्त काळ हे टिकलं तर ते आपोआप जाईल म्हणून बसू नये. नैराश्य ही याहून वेगळी गोष्ट, पण दोन्ही एकत्र येऊ शकतात. गोव्यात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांच्याशी त्याचा संबंध दिसला. आपल्याकडे हे वाचून फारसं कुणाला आश्चर्य वाटू नये.

बाळंतपणाची इतकी भीती, की त्यापायी गर्भ राहू नये असं वाटावं किंवा राहिल्यावर झोप उडावी, हीसुद्धा डॉक्टरांना ठाऊक असलेली अवस्था आहे. तिला टोकोफोबिया म्हणतात. पहिल्या वाईट अनुभवातून आलेली ती दुसऱ्या प्रकारची.

मग सिझर करावं का? इथे मी दोन्ही बाजू मांडणार आहे, कारण ज्या बाईला पहिल्या वेळी कुणी धड माहिती दिली नाही, तिला दुसऱ्या वेळीही अर्धीच दिली तर काय उपयोग! पहिलं बाळंतपण खालून झालं असेल तर दुसऱ्या वेळच्या कळा बहुधा कमी वेळ चालतात आणि पहिल्यासारखंच सगळं होईल असं मुळीच नसतं. एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं औषध) मिळालं, सोबतीला ओळखीचं माणूस असलं, डॉक्टर बदलले, तर काही जणींचा खालून होणारा दुसरा जन्मच जुनी भीती पुसून टाकतो. पहिलं घाईतलं सिझर असेल तर योग्य निवड केलेल्या बायकांमध्ये शंभरातल्या बहात्तर ते पंचाहत्तर जणी पुढच्या वेळी खालून बाळंत होतात. आधीची गर्भाशयाची शिवण उसवण्याचा धोका दोनशेत एक इतका असतो. उलट पहिल्या वेळी गुदद्वाराचा स्नायू फाटला असेल आणि अजूनही गॅस-शौचावर ताबा राहत नसेल, तर सिझरचा विचार वैद्यकीयदृष्ट्याही रास्त ठरतो.

सिझरचे तोटेही मोजून घ्यायला हवेत. ते मोठं ऑपरेशन आहे. जंतुसंसर्ग, जास्त रक्तस्राव, पायाच्या शिरेत गुठळी होणं, बरं व्हायला लागणारे आठवडे. सगळ्यात दूरचा धोका पुढच्या गरोदरपणात दिसतो. वार गर्भाशयाच्या खालच्या भागावर, जुन्या शिवणीवर बसली तर ती आत खोलवर रुतू शकते. वार अशी खाली असलेल्या बायकांमध्ये आधी एक सिझर झालं असेल तर ती रुतण्याचं प्रमाण शंभरात सुमारे ११, आणि दोन झाली असतील तर ४०. ज्यांना तीन-चार मुलं हवीत त्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. दोनवर थांबायचं असेल तर त्याचं वजन बरंच कमी होतं.

सिझर फार होतात ही ओरड खोटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, महाराष्ट्रात २५.४ आणि गोव्यात ३९.५ टक्के. खासगी दवाखान्यांत देशभरचा आकडा ४७.४, सरकारी दवाखान्यांत १४.३. या तफावतीत पैशाचा आणि डॉक्टरांच्या सोयीचा वाटा असणार हे उघड आहे. पण म्हणून भीतीपोटी सिझर मागणाऱ्या बाईला त्याच रांगेत उभं करणं चूक. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं २०११ पासून सांगतात, की बाळंतपणाच्या भीतीमुळे कुणी सिझर मागितलं तर आधी तिचं ऐकून घ्या, मानसिक आधार द्या, सगळी माहिती द्या, आणि त्यानंतरही तिला सिझरच हवं असेल तर ते करून द्या. २०२१च्या आवृत्तीतही हे कायम आहे. आपल्याकडे हे बहुतांशी डॉक्टरवर अवलंबून असतं. म्हणून डॉक्टर निवडणं हेच इथे अर्धं काम आहे.

त्या डॉक्टरांकडे जाण्याआधी एक गोष्ट करा: पहिल्या बाळंतपणाचे कागद मिळवा. डिस्चार्ज कार्डावर पुरेसं नसतं. पूर्ण केस पेपर मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. लेखी अर्ज करा, पोच घ्या. नवीन डॉक्टरांसोबत बसून ते कागद ओळीने वाचून घेतले की अनेकदा कोडं उलगडतं: ठोके कधी उतरले, चिमटा का लागला, पहाटे चार वाजता इतकी माणसं खोलीत का आली. “मी नीट जोर लावला नाही” असं वर्षानुवर्षं मनात घेऊन बसलेल्या बाईला बाळाचं डोकं फिरलेलं होतं, तोंड वर होतं, एवढं एक वाक्य वाचायला मिळालं तरी खूप फरक पडतो. कधी कागद वाचून राग येतो. तोही येऊ द्यावा. आठवणी फारच छळत असतील तर गरोदरपणातच मानसोपचार सुरू करता येतात. आघातावर केंद्रित असलेली सीबीटी (विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारी) या समुपदेशनाच्या दोन पद्धती पीटीएसडीसाठी वापरल्या जातात आणि दोन्हींत गोळ्या घ्याव्याच लागतात असं नाही.

मग बोलायचं दोन माणसांशी, पण आपण बहुतेक वेळा एकाशीच बोलतो. प्रसूतितज्ज्ञ महत्त्वाचे आहेतच, पण ऑपरेशन चालू असताना तुमच्या उशाशी उभे असतात ते भूलतज्ज्ञ. ऑपरेशन दिसू नये म्हणून छातीपाशी पडदा लावतात, त्याच्या अलीकडे तुमच्या बाजूला असलेले तेवढेच. त्यांची भेट आदल्या दिवशी किंवा त्याआधी मागून घ्या. लहान गावात भूलतज्ज्ञ तीन-चार हॉस्पिटलांत फिरत असतात आणि केसच्या वेळीच येतात. तसं असेल तर निदान फोनवर बोलणं करून द्या म्हणावं. त्यांना सांगायच्या गोष्टी अगदी ठोस हव्यात. “मला भीती वाटते” यातून त्यांच्या हाती काही लागत नाही. “मागच्या वेळी हात बांधले होते, ते मला सहन होत नाही”, “मागच्या वेळी पाठीतलं इंजेक्शन नीट चढलं नव्हतं आणि मला कापलेलं कळत होतं”, “कुणी न बोलता अंगाला हात लावला की मी घाबरते”, हे त्यांना उपयोगी पडतं. या सगळ्याचा एक पानी कागद करून फाइलच्या वर लावला तर आणखी चांगलं, कारण ड्यूटीवरच्या सिस्टर बदलतात आणि प्रत्येकीला सगळं पुन्हा सांगायची ताकद त्या दिवशी नसते.

तारीख ठरवताना बाळ ३९ आठवड्यांचं पूर्ण झालेलं असावं. त्याआधी ठरवून काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो. फुप्फुसातलं पाणी ओसरायला वेळ लागतो आणि बाळ काही तास किंवा एखादा दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, जातं. आधीच धास्तावलेल्या आईपासून बाळ पहिल्याच तासाला दूर नेलं जाणं हे तर नेमकं टाळायचं आहे. आपल्याकडे इथे मुहूर्त आडवा येतो. गुरुजींनी काढून दिलेली वेळ ३९ आठवडे भरल्यानंतरची आणि दिवसाउजेडीची असेल तर डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत. पण ३७ व्या आठवड्यातला अमृतसिद्धियोग किंवा रात्री पावणेतीनची वेळ, जेव्हा बालरोगतज्ज्ञ घरी झोपलेले असतात, असला हट्ट धरणाऱ्या नातेवाइकांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवावं.

आता प्रत्यक्ष दिवस. उपाशीपोटी म्हणजे ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही’ असंच बऱ्याच ठिकाणी सांगतात. जेवण सहा-आठ तास आधी थांबवायचं असतं हे खरं, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. भूलतज्ज्ञांना विचारून घ्या, घसा कोरडा पडलेला असताना भीती दुप्पट होते. हाताला सलाईनची सुई लागते. ती डाव्या हाताला लावा म्हणा (डावखुऱ्या असाल तर उजव्या), म्हणजे बाळ धरायला चांगला हात मोकळा राहतो. लघवीची नळी पाठीतलं इंजेक्शन दिल्यानंतर घालायला सांगितली तर ती कळतही नाही. खालच्या तपासण्यांची धास्ती असलेल्या बाईसाठी ही बारीकशी गोष्ट फार मोठी असते, आणि ती मागायला एक पैसा लागत नाही.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, गेल्यावर पहिलं जाणवतं ती थंडी. मग दिवे, उपकरणांची पीप-पीप, आणि आपल्याशी न बोलता आपसात बोलणारी माणसं. टेबलावर बसवतात, हनुवटी छातीला टेकवून पाठ बाहेर काढायला लावतात. स्पिरिटचा गार स्पर्श, एक चिमटा, मग मणक्यांच्या मधल्या फटीतून अतिशय बारीक सुई. ही जागा कमरेच्या खालच्या भागात असते, मज्जारज्जू संपतो त्याच्याही खाली. “पाठीतल्या इंजेक्शनने जन्मभर कंबर धरते” हे घरोघरी ऐकू येतं, पण तसा संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. कंबर दुखते ती गरोदरपणात ताणलेल्या सांध्यांनी आणि वाकून बाळाला पाजण्याने. मिनिटभरात पाय गरम, जड होऊ लागतात. रक्तदाब एकदम उतरून मळमळू शकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. याने घाबरायचं कारण नाही, पण लगेच बोलायचं. औषध त्यांच्या हातात तयार असतं.

नंतर भूल कुठपर्यंत चढली ते गार कापूस किंवा टोचून तपासतात, छातीपर्यंत. ही तपासणी झाल्याशिवाय सुरुवात करू नका असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सिझरमध्ये ओढल्याचं, दाबल्याचं कळतं, दुखायला मात्र नको. घट्ट भरलेल्या गादीच्या खोळीत हात घालून कुणी आतला कापूस सारखा करावा, तशी ती ओढाताण असते. पण टोकदार वेदना झाली तर ती सहन करायची नाही. “ताई, हे दाबणं आहे, दुखणं नाही” असं कुणी म्हणालं तरी आपलं म्हणणं सोडायचं नाही. ऑपरेशनच्या मध्ये होणाऱ्या वेदनेवर ब्रिटिश भूलतज्ज्ञांनी २०२२ मध्ये खास मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्याचा गाभा असा, की बाई दुखतंय म्हणाली तर विश्वास ठेवा, थांबणं शक्य असेल तर थांबा, औषध द्या, आणि हवी असेल तर पूर्ण भूल द्या.

पोटावरचा छेद बिकिनीच्या रेषेत आडवा असतो. फानेनश्टील या जर्मन डॉक्टरांनी १९०० साली तो वर्णन केला, म्हणून त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्वचा, चरबी, एक घट्ट पांढरं आवरण, मग स्नायू. स्नायू कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात. मग पोटाचं आतलं आवरण, मूत्राशय खाली सरकवणं, आणि गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागावर पुन्हा आडवा छेद. पाच-दहा मिनिटांत बाळ बाहेर येतं. आधीचं सिझर असेल तर आतले भाग चिकटलेले असतात, तेव्हा थोडं जास्त. बाळ काढताना सहायक डॉक्टर वरून पोटावर दाब देतात. मागच्या वेळी ज्यांच्या पोटावर कोपर टाकला होता, त्यांना नेमका याच क्षणी जुना प्रसंग समोर दिसू शकतो. सिझरमध्ये तो दाब आवश्यक असतो, पण “आता मी दाबणार आहे, अर्धा मिनिट” असं आधी सांगितलं तर तोच दाब वेगळा वाटतो. डॉक्टरांशी बोलताना ही एक गोष्ट विसरू नका.

बाळ बाहेर आल्यावर काही सेकंद रडत नाही, असं सिझरमध्ये होतं. पडद्याअलीकडे पडलेल्या आईला ती शांतता असह्य होते. भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा की त्या वेळी मला काय चाललंय ते बोलून दाखवा: बाळ बाहेर आलं, तोंड पुसतायत, आता रडेल. नाळ लगेच कापू नये, निदान मिनिटभर थांबावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सिझरलाही लागू आहे, आई-बाळाची तब्येत ठीक असेल तर.

आणि मग ती आपल्याकडची पद्धत: सिस्टर बाळाला उचलून तोंडासमोर धरतात आणि विचारतात, “बघा, काय झालंय? सांगा मोठ्याने.” अदलाबदलीचा आरोप नको म्हणून आईच्या तोंडून वदवून घेतात. त्यामागचं कारण योग्यच आहे, पण पुष्कळ जणींची बाळाशी पहिली ओळख त्यामुळे पोलीस पंचनाम्यासारखी होते. दोन क्षण बाळाचा चेहरा आधी दाखवा आणि मग विचारा, एवढं सांगून ठेवलं तर सिस्टर हसून ऐकतात.

या सगळ्याला व्यवस्थित रूप दिलं ते लंडनच्या क्वीन शार्लट हॉस्पिटलातल्या प्रसूतितज्ज्ञ निकोलस फिस्क, भूलतज्ज्ञ फेलिसिटी प्लाट आणि सुईण जेनी स्मिथ यांनी. २००८ मध्ये त्यांनी ‘नैसर्गिक सिझर’ नावाने पद्धत मांडली. वेदनेवरच्या २०२२च्या मार्गदर्शनात त्याच प्लाट पुढे होत्या. या पद्धतीत डोकं बाहेर आल्यावर पडदा खाली करतात, उशी थोडी उंच करतात, बाळाचं धड आतच असताना त्याला श्वास घेऊ देतात, आईबाप ते बघतात, आणि नंतर बाळ थेट आईच्या उघड्या छातीवर येतं. ईसीजीच्या चिकटपट्ट्या पाठीला लावलेल्या असतात, म्हणजे छाती मोकळी राहते. ऐकायला परीकथा वाटेल, पण यात महागडं यंत्र एकही नाही. आपल्या मोठ्या शहरांतल्या काही खासगी प्रसूतिगृहांत याचे तुकडे-तुकडे मिळतात: पारदर्शक पडदा, नवऱ्याला आत घेणं, ओटीतच बाळ छातीवर देणं. पूर्ण पद्धत क्वचित. जिथे एकच टेबल आणि एकच बालरोगतज्ज्ञ आहे तिथे सगळं मागू नका. दोन-तीन गोष्टी निवडा आणि त्या धरून ठेवा. मला विचाराल तर त्या अशा: प्रत्येक पाऊल सांगून टाकणं, हात न बांधणं, आणि टाके घालायचे असतात त्या अर्ध्या तासात बाळ गालाला गाल लावून का होईना जवळ असणं.

सरकारी रुग्णालयात हे होतं का? जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, जो २०११ मध्ये सुरू झाला, सिझर, औषधं, रक्त आणि सात दिवसांचं जेवण मोफत मिळायला हवं. २०१७च्या अखेरीस आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात तर प्रसूतिकक्षाबरोबर ओटीचीही गुणवत्ता आणि बाईला सन्मानाने वागवणं हे निकष म्हणून लिहिलेले आहेत. वॉर्डात एका खाटेवर दोघी असतात तिथे हे निकष कागदावरच राहतात, हे खरं. पण ओळख काढून, आदल्या दिवशी सिस्टरांशी नीट बोलून, मावशींना विश्वासात घेऊन बरंच साधतं. नवऱ्याला ओटीत सोडणार नाहीत. मग एखाद्या सिस्टरला “तुम्ही माझ्याशी बोलत राहा” म्हणायला हरकत नाही.

ठरवलेलं मोडतंही. तारखेच्या आधी पाणी जाऊ शकतं, रात्री कळा सुरू होऊ शकतात, भूल नीट चढली नाही तर पूर्ण भूल द्यावी लागते. म्हणून कागदावर दुसरा भागही लिहून ठेवा: कळा सुरू झाल्या तर लगेच सिझर की थोडं थांबायचं, किती थांबायचं, पूर्ण भूल लागली तर बाळ आधी कुणाच्या हातात द्यायचं, कुणी फोटो काढायचा. जिला पहिल्या वेळी शुद्धीवर आल्यावर गोष्टी तिसऱ्याकडून कळल्या, तिच्यासाठी हा फोटो फार मोलाचा.

आणखी एक विषय आधीच मिटवून घ्या. दुसऱ्या बाळाच्या वेळी सिझर म्हटलं की आपल्याकडे “त्यातच ऑपरेशन करून टाकू” हे गृहीत धरतात. ऑपरेशन म्हणजे नसबंदी. कधी संमतीचा कागद टेबलावर, कळवळत असताना पुढे केला जातो. तांबी बसवण्याचंही तसंच. हा निर्णय गरोदरपणातच, स्वतंत्रपणे, दोघांनी बोलून घ्यायचा आहे. ठरलेला नसेल तर फाइलवर ‘नाही’ असं स्पष्ट लिहून घ्या.

ऑपरेशननंतर अंग थरथरतं, दात वाजतात. हे औषधाने आणि थंडीने होतं, काही बिघडलेलं नसतं. दोन-चार तासांत पायात जीव येतो. दुखणं सुरू व्हायची वाट न बघता पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक ठरलेल्या वेळी घेतली तर उठणं सोपं जातं. दोन्ही अंगावर पाजताना चालतात. गॅस सुटेपर्यंत पाणीही नाही, हा जुना दंडक आता पाळत नाहीत. काही तासांत पाणी आणि मग पेज, मऊ भात देतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी धरून चालवतात. सिझर झालं म्हणून दूध येत नाही हे खरं नाही. थोडं उशिरा उतरू शकतं, चीक मात्र पहिल्या तासापासून असतो. बसल्यावर डोकं फुटेल असं दुखलं आणि आडवं झाल्यावर थांबलं तर ते पाठीच्या सुईमुळे असू शकतं आणि त्यावर इलाज आहे, घरी सोसत बसायचं नाही. एकाच पायाला सूज, टाक्यांतून पू, ताप, घाण वासाचा स्राव, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

माहेरी आल्यावर शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, आळीवाची खीर सगळं असू दे, टाक्यांवर तेल आणि धुरी तेवढी नको. पट्टा बांधला तर खोकताना बरं वाटतं. मनाचं काय, ते मात्र माहेरीही कुणी विचारत नाही. चांगलं पार पडलेल्या बाळंतपणानंतरही मागच्या वेळचं दुःख अचानक उसळून येऊ शकतं: “हे इतकं साधं होतं, तर त्या वेळी माझ्याशी असं का वागले?” दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू, झोप न लागणं, बाळाचा तिटकारा असं चाललं तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. २०२२ पासून तो सुरू आहे, कुठल्याही वेळी लागतो आणि मराठीत बोलता येतं.

डिस्चार्ज घेताना कार्डावर चार गोष्टी लिहिलेल्या आहेत ना ते तिथेच उभं राहून वाचा: गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा, आत किती चिकटलेलं होतं, वार कुठे होती, आणि भूल कुठली दिली व तिचा काही त्रास झाला का. लिहिलं नसेल तर लिहून मागा. त्या कागदाची एक प्रत माहेरी ठेवा, एक सासरी, आणि फोनमध्ये फोटो.